मिठाचा लाल दिवा

७ मे, रविवार

सापडला! वासाचा बाप सापडला.

आठवडाभर हज्जा, आमची मालकीण, नाकाला ओढणी लावून स्वयंपाकघरात फिरत होती. भांडी धुवायच्या मशीनचं दार उघडलं की मेलेल्या बोकडाचा वास. रोज मला तिसऱ्या मजल्यावर हाक — "फौली, ये रे, काहीतरी मेलंय आत." आज फरशीवर पालथा पडलो, खालची जाळी बाहेर ओढली आणि तळाला हात घातला. तिथे एक गोल चाळणी असते. फिरवली की निघते. निघाली — आई गं! गेल्या शुक्रवारच्या मन्सफची अख्खी पंगत आत बसलेली. भात, मटणाची चरबी, आंबट ताकाचा पिवळा चिखल, ऑलिव्हच्या बिया, एक दातकोरणं. जुन्या टूथब्रशने घासली. दाराचं रबर पुसलं, फडकं काळं झालं.

हज्जा म्हणे, "पण मी तर प्रत्येक ताट आधी हाताने धुते, मगच आत ठेवते!"

"मग मशीन कशाला, हज्जा?"

"अरे, माझ्या लेकाने, नायेफने, जर्मनीहून पाठवलंय ते. त्याच्यापुढे खरकटं कसं ठेवायचं? काय म्हणेल!"

हसलो. तीही हसली. मग ताट वाढून दिलं. ते घेऊन मी खाली आलो, खोलीत बसून खाल्लं. माझं एक ताट, एक पेला. मला मशीन लागत नाही.

जेवताना बदरियाचा निरोप आला. तिचा बाप, खलफकाका, म्हणतो — बकरी ईदच्या आत आला तर निकाह. नाही आला तर साखरपुड्याचं सोनं परत घेऊन जा म्हणावं.

म्हणजे जूनच्या शेवटापर्यंत मला इजिप्तला, मिन्यात, घरी असायला हवं. आणि पासपोर्ट बाशाच्या टेबलाच्या खणात! मी अम्मानला उतरलो त्याच दिवशी त्याने ठेवून घेतला. "इथे नीट राहील, मिसरी." इथे प्रत्येक इजिप्तवाल्याचं हेच नाव. बाशा म्हणजे हज्जाचा नवरा. सैन्यातून निवृत्त झाला तरी गल्ली त्याला बाशाच म्हणते. इमारत त्याची, गेट त्याचं, गेटावरचा माणूसही त्याचाच.

उद्या विचारतो. रजा द्या म्हणतो. त्यात काय!

८ मे, सोमवार

नाही विचारलं.

१० मे, बुधवार

आज पाण्याचा दिवस. आठवड्यातून एकदा येतं, तेवढ्यात गच्चीवरच्या सगळ्या टाक्या भरून घ्यायच्या. वर-खाली, वर-खाली. मला बरं वाटतं, पाय चालते राहतात. बसलो की डोकं चालायला लागतं.

गच्चीवरून उतरताना बाशा गाडीपाशी दिसला. म्हटलं आत्ताच.

"बाशा, एक बोलायचं होतं."

"बोल. बोलता बोलता ते मागचं चाक पूस."

चाक पुसत पुसत बोललो. गावाला जायचंय, ईदच्या आत, पंधरा दिवस फक्त. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या आधी हमदान होता. तोही पंधरा दिवसांसाठीच गेला होता. अजून येतोच आहे!"

आणि हसला. मीही हसलो. का हसलो मी?

पुढे म्हणाला, त्याच्या मुलीला, रहफला, मागणी घालायला माणसं येणार आहेत जूनमध्ये. मोठी जाहा. गावाहून, कारकहून, बाशाचा बाप येणार, चुलते येणार. "हे दोन महिने कुणी जागेवरून हलायचं नाही. मी पण नाही."

तो कुठे हलणार आहे! त्याचं घर तर इथेच आहे.

१४ मे, रविवार

आता नवी तक्रार. ग्लासांवर पांढरा धुरकट थर. हज्जा एक ग्लास उजेडाला धरून म्हणाली, "बघ, मोतीबिंदू झालाय याला."

इथलं पाणी जड आहे, क्षार फार. त्यासाठी मशीनच्या पोटात मिठाची वेगळी डबी असते. जाडं मीठ लागतं, मशीनचं. जेवणाचं चालत नाही. ती डबी रिकामी झाली की वर लाल दिवा लागतो. लागलाय. कधीचा लागलाय कोण जाणे, हज्जाला वाटलं तो मशीन चालू असल्याचा दिवा!

सध्या व्हिनेगरची वाटी वरच्या जाळीत ठेवून मशीन रिकामंच गरम पाण्यावर फिरवलं. थर थोडा गेला. बाशाला सांगितलं, मीठ आणा. म्हणाला, उद्या.

त्यांचं सांडपाणी माझ्या खोलीच्या भिंतीतून खाली जातं. मशीनने पाणी सोडलं की उशाशी नळ गुरगुरतो. मग कळतं — वरची जेवणं झाली. आता रहफ फोन घेऊन बाल्कनीत गेली असेल. बाशा बातम्या लावून पेंगत असेल. कुणी न सांगता मला सगळं कळतं. माझं जेवण झालं की नाही हे कुठल्या नळाला कळतं?

१९ मे, शुक्रवार

सगळी इमारत आपापल्या माणसांकडे जेवायला. मी आणि गेटावरचं मांजर. दुपारनंतर मांजरही गेलं.

२५ मे, गुरुवार

बदरियाशी बोललो. बरंच.

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"बघू म्हणतात."

"बघू म्हणजे केव्हा रे? अब्बा म्हणतात, माझी मुलगी म्हणजे काय मालगाडीचा डबा आहे — इंजिन येईपर्यंत बाजूच्या रुळावर उभी करायला?"

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिने आवरलं.  मी मशीनबद्दल सांगायला लागलो. चाळणी, रबर, मिठाची डबी. ती ऐकत होती. मग म्हणाली, "एवढं प्रेमाने तू माझ्याबद्दल कधी बोलला नाहीस. तिच्याशीच लाव निकाह. ती घरातली आहे, तुझ्या खलफकाकांना विचारावं लागणार नाही."

चेष्टाच होती. पण फोन ठेवल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. एवढीशी खोली — पाय पसरले की दाराला लागतात!

मीठ आणलं नाही बाशाने. आज पुन्हा आठवण केली. उद्या म्हणाला.

१ जून, गुरुवार

कारकहून म्हातारा आला. हाज सालम, बाशाचा बाप. ताठ. काठी हातात असते, टेकत नाही कधी. बाशा त्याच्यासमोर पायावर पाय टाकून बसत नाही!

आल्या आल्या पहिली कॉफी तोंडाला लावली आणि म्हणाला, "सूनबाई, कॉफीला साबण लागतोय."

झालं! हज्जाचा चेहरा उतरला. ही कडू कॉफी म्हणजे यांच्या घराची अब्रू. आम्हा मिन्यावाल्यांना चहा पुरतो, पण इथे तीन वर्षं राहून मलाही कळायला लागलंय. बिनकानाचे छोटे कप, घोटभर ओततात, पाहुण्याने पिऊन कप हलवला की बस. ते कप रहफ मशीनमध्ये टाकते. हज्जा हाताने धुवायची, पण आता तिची बोटं वाकडी झालीत, ओल्यात दुखतात.

म्हातारा गेल्यावर ती मला म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी जाहा आहे. तुला माहितीय ना काय होतं?"

म्हटलं, गेटावरून बघितलंय, आतून नाही.

"मुलाकडचा मोठा माणूस बोलायला उठतो. त्याआधी त्याला कॉफी देतात. तो कप घेतो आणि न पिता खाली ठेवतो. म्हणजे आमचं मागणं आहे, ते मान्य केलंत तरच पिऊ. मग आपले हाज म्हणणार — प्या, ज्यासाठी आलात ते तुमचं. तेव्हा तो पितो. साऱ्या मांडवाचा श्वास त्या कपात अडकलेला असतो, फौली. आणि तो पिताना त्याला साबण लागला तर? माझी मुलगी जन्मभर ऐकेल — साबणवाल्यांची लेक!"

"कप खाली ठेवला आणि नाही म्हटलं तर?"

"खाली ठेवलेल्या कपाला नाही म्हणत नाहीत. म्हणायचंच असेल तर कॉफीच देत नाहीत."

वा! आमच्या गावात अशी सोय असती तर!

४ जून, रविवार

दिवसभर मशीन. चाळणी पुन्हा काढली, धुतली. पाणी उडवणारा पंखा खेचून बाहेर काढला. त्याच्या भोकांत क्षार आणि भात. प्रत्येक भोक सुईने कोरलं. रबराच्या घड्या कापसाने पुसल्या. लिंबूसत्त्व घालून रिकामं फिरवलं.

कप टाकून बघितले. अजून बारीक वास होता, नाक पार आत घातलं की कळायचा. मग ग्लास चमकायचं ते निळं औषध असतं, दारातल्या खणात ओततात. त्याची चकती मी शेवटच्या आकड्यावर फिरवली. वर आणखी थोडं औषध थेट आतच ओतलं. आता कप आरशासारखे!

हज्जाने दुरूनच बघितलं, म्हणाली, "अल्ला तुझं भलं करो."

माझं भलं बाशाच्या खणात आहे, हज्जा.

८ जून, गुरुवार

लिहू का नको असं होतंय. लिहितो.

संध्याकाळी बैठकीत हाज सालम, बाशा आणि बाशाचे दोन चुलतभाऊ. उद्याच्या जाहाची बोलणी. मी जिन्यात खुर्च्या मोजत होतो. आतून म्हाताऱ्याचा आवाज — "कप कोण धुतं या घरात?"

"मशीन धुतं, याबा," बाशा बापाला म्हणाला.

"आणि मशीनला कोण धुतं?"

"मिसरी."

"मग बोलवा त्याला. ज्याने धुतलं त्याने आधी प्यावं."

चपला काढून आत गेलो. मोज्याला अंगठ्यापाशी भोक, तो अंगठा दुसऱ्या पायाखाली दाबून बसलो. गालिच्यावर, म्हाताऱ्याच्या शेजारी! तीन वर्षांत त्या बैठकीत मी फक्त गॅसचं सिलिंडर घेऊन गेलोय. आणि कॉफी ओतणार कोण — बापासमोर मुलानेच ओतायची. बाशाने डाव्या हातात किटली धरली, उजव्या हाताने कप माझ्यापुढे केला. माझ्यापुढे! चुलतभाऊ गालात हसत होते.

कप नाकाशी नेला. लिंबू. नुसतं लिंबू! निळ्या औषधाचा वास.  मग वाटलं, वास कपाला येतोय की माझ्या हातांना? दुपारभर माझे हात त्यातच होते. म्हणून कप समोरच्या चौरंगावर ठेवला आणि बोटं हुंगली.

एवढंच केलं मी. कप खाली ठेवला.

 टीव्ही बंदच होता, पण कुणीतरी बंद केल्यासारखं वाटलं.

एक चुलतभाऊ म्हणाला, "बघा बघा! मिसरीची जाहा आली. एकट्याचीच!"

सगळे हसले. म्हाताऱ्याने हात वर केला. "हसताय कशाला? माझ्या बैठकीत कप खाली ठेवला म्हणजे ठेवला. तो कुठून आला, कुणाचा कोण, ते बाहेर." मग माझ्याकडे वळला. "माग, पोरा. काय हवं तुला?"

"हाज, मी नुसता..."

"माग म्हटलं."

बाशा किटली धरून उभा. माझ्याकडे बघत नव्हता, किटलीच्या चोचीकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं मी काय मागणार. आतल्या दाराशी हज्जा उभी होती. तिलाही ठाऊक होतं. त्याच भिंतीपलीकडे टेबल, टेबलाला खण, खणात माझा पासपोर्ट. तोंड उघडायचं फक्त. मी उघडलं.

"मीठ," म्हणालो.

"काय?"

"मशीनला मीठ हवंय, हाज. लाल दिवा लागलाय. किती दिवस झाले."

चुलतभाऊ गालिच्यावर लोळायचेच बाकी राहिले. बाशाही हसला, पण आधी त्याने सोडलेला श्वास मी ऐकला. म्हातारा हसला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"नीट आठव. एवढंच?"

"हो, हाज."

"दिलं. पी."

प्यालो. लिंबू लागलं. तसं सांगितलं. आणि जिना उतरून खाली आलो.

दोनदा विचारलं त्याने. दोनदा! गाढवाला कुणी दोनदा विचारतं का?

९ जून, शुक्रवार

जाहा झाली. दीडशेच्यावर माणसं, अंगणात मांडव. खुर्च्या मीच मांडल्या, मीच उचलल्या. मुलाकडच्या पांढऱ्या दाढीवाल्याने कप खाली ठेवला. आपला म्हातारा म्हणाला, प्या. तो प्यायला. बायकांनी आतून जिभा हलवून लुलूचा गजर केला. साबणही लागला नाही, लिंबूही नाही — पहाटे उठून हज्जाने सगळे कप हाताने धुतले. वाकड्या बोटांनी. मी दारात उभा राहिलो, म्हटलं मी धुतो. म्हणाली, "आज नको. आज जिची मागणी तिच्या आईनेच धुवायचे."

सकाळीच माझ्या खोलीच्या दारात मशीनच्या मिठाची खोकी येऊन पडली. एकावर एक, खिडकीपर्यंत. म्हाताऱ्याचा शब्द! एवढं मीठ दोन वर्षं पुरेल.

म्हणजे दोन वर्षं मी इथेच.

१० जून, शनिवार

मीठ घातलं. दिवा विझला. ग्लास स्वच्छ निघतात.

१२ जून, सोमवार

आज सरळ गेलो. चाक पुसत नाही, काही नाही. दारात उभा राहून म्हणालो, "बाशा, माझा पासपोर्ट द्या. ईदला मला घरी जायचंय. माझं लग्न मोडतंय."

त्याने चष्मा काढला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी का नाही मागितलंस? माझ्या बापासमोर, कप खाली असताना? तेव्हा मला नाही म्हणायची सोय नव्हती, मिसरी! मी तर मनात रजा देऊनही टाकली होती. आणि तू मीठ मागतोस!" मग जरा मऊ होऊन — "ईदला आम्ही सगळे कारकला. इमारत कुणावर सोडू? ऑगस्टमध्ये रहफचं लग्न. त्यानंतर बघू. लग्नं मोडत नसतात अशी. बायका बोलतात तसं."

गच्चीवर जाऊन टाक्यांची झाकणं उघडून बघितली. सगळ्या भरलेल्या. बंद केली. परत उघडली.

१३ जून, मंगळवार

बदरियाने फोन उचलला नाही. तिच्या धाकट्या बहिणीने उचलला. "ताई म्हणते, येणार असशील तर ये. नुसतं बोलायला फोन करू नकोस."

१५ जून, गुरुवार

हज्जाने वर बोलावलं. मशीन बिघडलं म्हणून नाही. "मला दाखव," म्हणाली. "काय काय करतोस ते सगळं. पहिल्यापासून."

"मी आहे ना, हज्जा."

"दाखव म्हटलं ना."

रबरी हातमोजे घालून जमिनीवर बसली. या वयात, त्या गुडघ्यांनी! चाळणी कशी फिरवायची ते दाखवलं. तिच्या बोटांना फिरेना. मग फडक्यात धरून फिरवली, निघाली. "हं! सोपी आहे मेली." पंखा कसा खेचायचा. भोकं सुईने कोरायची. रबराच्या घड्या आतून पुसायच्या, वरून नाही. व्हिनेगर महिन्यातून एकदा. निळ्या औषधाची चकती मध्यावर — "तुझ्यासारखी शेवटाला नाही," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. मीठ किती, कुठे. झाकण घट्ट लावायचं, नाही तर मीठ भांड्यांवर येतं. खरकटं झाडून टाकायचं, धुवायचं नाही.

"धुवायचंच नाही?"

"मशीन धुतं, हज्जा."

"हरले बाई." मग थोड्या वेळाने, चाळणी उजेडाला धरून — "रहफ गेली की मी आणि हे. तेवढाच घरात आवाज." आणि लगेच, "ती तुझी... नाव काय तिचं?"

"बदरिया."

"उंच आहे?"

"माझ्या कानापर्यंत येते."

"हं." एवढंच म्हणाली. पुन्हा मीठ किती ते विचारलं.

खाली येऊन डोकं फिरलं. हे सगळं ती का शिकतेय? दुपारी गेटावर एक सीरियन पोरगा बाशाशी बोलत उभा होता. इकडे-तिकडे बघत होता. माझ्या खोलीच्या खिडकीकडेही बघितलं. म्हणजे माझ्या जागी दुसरा. मशीन तेवढं मला येतं म्हणून अडलं होतं, तेही आज माझ्याकडून काढून घेतलं. आणि मी फडकं हातात घेऊन शिकवत बसलो! नोकरी जाईल, लग्न तर गेलंच. पासपोर्ट देऊन हाकलतील, तेही ईदनंतर, खुर्च्या उचलून झाल्यावर.

तिच्याकडून अशी अपेक्षा नव्हती.

१७ जून, शनिवार

वर गेलो, चाळणीचा दिवस होता. दारातूनच म्हणाली, "आज हात लावू नकोस. मी केलं."

आत ताटं चमकत होती. एकावरही डाग नाही. माझं काही काम नव्हतं म्हणून उभाच राहिलो. तिनेही बस म्हटलं नाही. घाईत होती, बाशाच्या टेबलापाशी काहीतरी आवरत होती.

तो सीरियन पोरगा आज पुन्हा आला. त्याला चौथ्या मजल्याचं रंगकाम मिळालंय म्हणे. कोण खरं सांगतं!

दुपारी उशाशी नळ गुरगुरला. तिने लावलेलं मशीन. पहिल्यांदाच माझ्याशिवाय. कान भिंतीला लावून ऐकलं. नीट चाललं होतं. पाणी अडकत नव्हतं कुठे.

भिंतीपासून उठलो तेव्हा कान गार पडला होता.

१९ जून, सोमवार

दुपारी हाक आली — "फौली, ये जरा, मशीनमध्ये काहीतरी अडकलंय."

तोंड पाडून गेलो. दार उघडलं. मशीन रिकामं, कोरडं. चाळणी जागेवर. पंखा बोटाने ढकलला, मोकळा फिरला. वरची जाळी ओढली. कपांच्या जागी माझा पासपोर्ट.

मी तसाच ओणवा. हज्जा ओट्याकडे तोंड करून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. वळली नाही.

"सापडलं का अडकलेलं?"

"हो, हज्जा."

"मग ने. अकाबाची बस चारला आहे, तिथून तुमच्याकडची बोट." एक पान, दोन पानं. "आणि दार हळू लाव. बाशा झोपलाय."